शहराच्या रस्त्यांची २० वर्षांची देखभाल योजना: सुरुवात कुठल्या रस्त्यापासून करायची?

नकाशेवाला:

चर्चेसाठी एक मध्यम शहर धरू. ६०० लेन-किलोमीटर रस्ते (एका लेनचा एक किलोमीटर म्हणजे एक), बहुतेक डांबरी, थोडे काँक्रीटचे. दरवर्षी ठरावीक निधी मिळतो, पण गरजेपेक्षा कमी. आजवरची पद्धत म्हणजे ज्याची ओरड जास्त तो रस्ता आधी, आणि ओरड नसेल तर सगळ्यात खराब तो आधी. आता २० वर्षांची योजना करायची आहे.

तीन ठिकाणी गाडी अडते. पाहणी किती बारकाईने करावी, कुठल्या रस्त्याला कुठला उपाय हे नियमात कसं बांधावं, आणि वाहिन्यांसाठी वर्षभर चालणाऱ्या चरखोदाईचं काय करावं. जाणकारांनी आकड्यांसकट लिहावं. 'चांगल्या दर्जाचं काम करा' छापाचे प्रतिसाद नकोत, ही विनंती.

छेदरेषा:

पाहणीच्याही आधी रस्त्यांचे तुकडे पाडा. नव्वद टक्के योजना इथेच लंगड्या होतात. एक तुकडा म्हणजे चौकापासून चौकापर्यंतचा असा भाग, ज्यात रुंदी, थरांची रचना, शेवटच्या कामाचं वर्ष आणि वाहतूक एकसारखी आहे. यातलं काहीही बदललं की तुकडा तोडायचा. प्रत्येकाला कायमचा क्रमांक द्या आणि तो क्रमांक पुन्हा कधीही दुसऱ्या तुकड्याला वापरू नका. रस्त्याचं नाव बदलतं, प्रभागाची हद्द बदलते, क्रमांक बदलता कामा नये.

तक्त्यात किमान एवढं हवं: लांबी, रुंदी, क्षेत्रफळ, वर्ग (मुख्य, जोड, गल्ली), पृष्ठभाग, थरांची जाडी, प्रत्येक कामाचं वर्ष आणि प्रकार, बस किंवा कचरागाडीचा मार्ग आहे का, कर्बची (पदपथाच्या काठाच्या दगडाची) उघडी उंची, चेंबरची संख्या. जाडी माहीत नसेल तर रकाना रिकामा ठेवा, अंदाज भरू नका. रिकामा रकाना सांगतो की इथे कोअर (थरांचा गोल उभा नमुना) काढायचा आहे. अंदाजाने भरलेला आकडा पाच वर्षांनी खरा मानला जातो.

नकाशेवाला:

बस आणि कचरागाडी वेगळी का? एकूण वाहनसंख्या पुरत नाही?

छेदरेषा:

रचनेसाठी वाहनसंख्येचा फारसा उपयोग नाही. अमेरिकेत इलिनॉयमधल्या ओटावा इथे १९५८ ते १९६० या काळात झालेल्या 'आशो' (तिथल्या राज्य महामार्ग अधिकाऱ्यांची संघटना) रस्ता चाचणीतून चौथ्या घाताचा ठोकताळा आला. अ‍ॅक्सलवरचं वजन दुप्पट झालं की रस्त्याचं नुकसान साधारण १६ पट होतं. एक टनाचा अ‍ॅक्सल आणि दहा टनांचा अ‍ॅक्सल यांत नुकसानीचा फरक दहा हजार पट येतो. घात नेमका चार नसतो, रचनेनुसार आणि नुकसानीच्या प्रकारानुसार बदलतो, पण दिशा तीच. म्हणून दिवसाला हजारो मोटारी जाणारी गल्ली टिकते आणि बसचा तुलनेने मोकळा रस्ता बसतो. बसथांब्याशी तर भार उभाच राहतो, वर ब्रेकचा रेटा. तिथे डांबर पुढे सरकून लाटा पडतात. पुन्हा पुन्हा तेच डांबर टाकण्यापेक्षा थांब्यापुरता काँक्रीटचा पट्टा करून टाकावा आणि तो तक्त्यात वेगळा तुकडा म्हणून नोंदवावा.

खडी_डांबर:

पाहणीबद्दल. पीसीआय (रस्त्याच्या अवस्थेचा निर्देशांक) वापरा, एएसटीएम डी ६४३३ या अमेरिकी प्रमाणपद्धतीप्रमाणे. ० ते १०० गुण. डांबरी रस्त्याचा नमुना साधारण २२५ चौरस मीटरचा (९० कमी-जास्त चालतो), काँक्रीटचा साधारण २० स्लॅबचा. नमुन्यात नुकसानीचा प्रकार, तीव्रता (कमी, मध्यम, जास्त) आणि प्रमाण मोजायचं. प्रत्येकाचे वजावट-गुण आलेखावरून काढायचे. ते थेट बेरजेने वजा करत नाहीत. अनेक दोष एकत्र असले तर दुरुस्त केलेली वजावट घेतात, नाहीतर खराब रस्ते शून्याच्याही खाली जातील. हातमोजणीत हीच पायरी सगळ्यात जास्त वेळा राहते.

किती नमुने? एका रस्त्याच्या कामाची आखणी करताना ९५ टक्के खात्रीने ५ गुणांच्या आत उत्तर हवं असेल आणि प्रमाणित विचलन (नमुन्यानमुन्यातला चढउतार) १० धरलं, तर २० नमुन्यांच्या तुकड्यात १० मोजावे लागतात. अख्ख्या शहराच्या योजनेला एवढी गरज नाही, तुकड्यामागे एकदोन पुरतात. पण ते नमुने कुठे घ्यायचे हे आधी कागदावर ठरवा. जागेवर जाऊन 'प्रातिनिधिक' जागा निवडायला गेलं की माणूस हमखास एकतर सगळ्यात वाईट जागा निवडतो, नाहीतर सावलीची.

चाकोरीबाहेर:

पीसीआय एकटा घेऊन चालणार नाही. दोन रस्ते, दोन्ही ५५ वर. एकावर वय झाल्यामुळे डांबर कडक होऊन पडलेल्या चौकटीच्या भेगा, दुसऱ्यावर चाकांच्या पट्ट्यात जाळीदार भेगा. पहिल्याला वरून उपाय चालतो. दुसऱ्याचा पाया किंवा खालचे थर दमलेत, त्यावर काहीही पातळ टाकलं तरी एकदोन पावसांत जाळी परत वर येईल. गुण तोच, उपाय वेगळे. म्हणून एकूण गुणाशेजारी आणखी दोन रकाने ठेवा: वजावटीतला भारामुळे आलेला वाटा, आणि हवामान-वयामुळे आलेला वाटा. जाळीदार भेगा आणि चाकोऱ्या (चाकांनी पडलेले खोलगट पट्टे) पहिल्यात. चौकटीच्या भेगा, आडव्या-उभ्या भेगा, खडी सुटणं दुसऱ्यात. उपायाची निवड निम्म्याहून जास्त याच दोन रकान्यांवर ठरते.

गिट्टी२०:

+१. आणि पाऊस थांबून रस्ता वाळत आला असताना पाहणी केली तर बारीक भेगा ओल धरून ठेवतात आणि काळ्या रेघांसारख्या उठून दिसतात. भर दुपारच्या उन्हात त्याच भेगा दिसत नाहीत. दोन वर्षांच्या पाहण्या वेगवेगळ्या उजेडात झाल्या तर 'रस्ता आपोआप सुधारला' असे विनोदी निष्कर्ष निघतात.

रस्ता_मोजणी:

खडबडीतपणाचा आकडा (आयआरआय, मीटर दर किलोमीटर) शहरात जपून वापरा. त्याची व्याख्याच ताशी ८० किलोमीटरने जाणाऱ्या कल्पित चाकावर बेतलेली आहे. मोजणीची गाडी सिग्नलला थांबली किंवा वेग साधारण २५ च्या खाली गेला की बऱ्याच यंत्रांचे आकडे भरवशाचे राहत नाहीत. त्यात चेंबरची झाकणं, गतिरोधक, चौकातले उलटे उतार. मुख्य रस्त्यांवर मोजा, गल्ल्यांमध्ये नको.

भारक्षमतेसाठी फॉलिंग वेट डिफ्लेक्टोमीटर: ३०० मिलिमीटर व्यासाच्या तबकडीवर साधारण ४० किलोन्यूटनचा धक्का द्यायचा आणि रस्ता किती दबला ते मध्यापासून ठरावीक अंतरांवर मोजायचं. मध्याशी दबणं मोठं आणि दूरचा सेन्सर शांत, तर वरचे थर कमजोर. दूरचाही हलतो, तर सबग्रेड (रस्त्याखालची माती) मऊ, बहुतेक वेळा पाणी. डांबराच्या तापमानाची दुरुस्ती केल्याशिवाय सकाळचे आणि दुपारचे आकडे शेजारी ठेवू नका. अख्खं शहर यावर मोजायची गरज नाही. ज्या तुकड्यांत भारामुळे झालेलं नुकसान जास्त आहे, तिथेच ५० ते १०० मीटरवर एक बिंदू घ्या. सोबत थोडे कोअर, कारण जाडी माहीत नसेल तर त्या आकड्यांचं गणित उलगडत नाही.

हिशेबनीस:

आता मूळ प्रश्न, सुरुवात कुठून. यासाठी सॉफ्टवेअर लागत नाही, एक कागद पुरतो. ६०० लेन-किलोमीटरचं जाळं दरवर्षी एक वर्षाने म्हातारं होतं, म्हणजे वर्षाला ६०० लेन-किलोमीटर-वर्षं खर्ची पडतात. वर्षभराच्या सगळ्या कामांनी मिळून तेवढी परत भरली नाहीत तर शहर मागे जातं, मग फिती कितीही कापा.

समजण्यापुरते आकडे घेतो. खर्च एककांत, दर लेन-किलोमीटरमागे. भेगा भरणं ०.१५ एकक, २ वर्षं वाढतात. मायक्रोसरफेसिंग (बारीक खडी आणि डांबराचा पातळ लेप) १ एकक, ६ वर्षं. वरचा थर खरवडून नवा टाकणं ४ एकक, १२ वर्षं. पूर्ण पुनर्बांधणी १६ एकक, २५ वर्षं. निधी १६० एकक.

सगळ्यात खराब तो आधी: १० लेन-किलोमीटर पुनर्बांधणी, मिळाली २५० वर्षं. तूट ३५०.

मिश्रण: २ पुनर्बांधणी (३२ एकक, ५० वर्षं), १६ वर खरवडून नवा थर (६४ एकक, १९२ वर्षं), ५५ वर मायक्रोसरफेसिंग (५५ एकक, ३३० वर्षं), ६० वर भेगा भरणं (९ एकक, १२० वर्षं). खर्च तोच १६०, मिळाली ६९२. शिल्लक ९२.

तुमचे दर आणि आयुष्यं घाला, आकडे बदलतील. खराब रस्त्यांना आधी हात घालणारी योजना तुटीतून बाहेर येणं मात्र अवघडच.

चाकोरीबाहेर:

हिशेब सुंदर आहे, आणि म्हणूनच घातक आहे. त्या ५५ पैकी २५ किलोमीटर जाळीदार भेगांवर टाकले तर तिथे ६ ऐवजी जेमतेम एक वर्ष मिळेल. १२५ वर्षं गेली, ६९२ ची ५६७ झाली, म्हणजे परत तूट. स्वस्त उपायाचं आयुष्य त्या उपायाचं नसतं, ज्या रस्त्यावर टाकला त्या रस्त्याचं असतं. तक्त्यात 'मायक्रोसरफेसिंग = ६ वर्षं' असं सरसकट लिहिणं बंद करा. पीसीआय ८० वर किती, ६५ वर किती, ५० वर किती, असे तीन आकडे ठेवा.

हिशेबनीस:

मान्य. तीन आकडेच हवेत.

नकाशेवाला:

सगळ्या सादरीकरणांत एक वक्र असतो: आयुष्याच्या पहिल्या ७५ टक्क्यांत दर्जा ४० टक्के घसरतो, पुढच्या १२ टक्क्यांत आणखी ४० टक्के. हाच घ्यायचा का?

रस्ता_मोजणी:

समजावायला घ्या, हिशेबाला घेऊ नका. ते चित्र तुमच्या मातीचं, तुमच्या पावसाचं, तुमच्या डांबराचं नाही. स्वतःचे वक्र बांधा: वर्ग, पृष्ठभाग आणि बसमार्ग आहे-नाही यानुसार रस्त्यांची कुटुंबं पाडा आणि प्रत्येक कुटुंबाला वय विरुद्ध पीसीआय असा वेगळा वक्र.

एक सापळा आहे. एकाच पाहणीत सगळ्या वयांचे रस्ते घेऊन वक्र काढला तर तो नेहमी खोटा आशावादी येतो. जे रस्ते लवकर खराब झाले त्यांच्यावर आधीच काम झालेलं असतं, ते 'नवे' म्हणून डावीकडे जाऊन बसतात. उजवीकडे २० वर्षांचे उरतात ते मुळातच दणकट. त्यामुळे वक्र शेवटी सपाट होतो आणि वाटतं, जुने रस्ते टिकतातच की! त्यापेक्षा त्याच तुकड्यांच्या दोन-तीन लागोपाठच्या पाहण्यांमधला फरक घ्या. तोवर सोपं गणित: पाच अवस्था करा आणि एका वर्षात एका अवस्थेतून खालच्या अवस्थेत किती टक्के क्षेत्रफळ गेलं ते मोजा. त्या टक्केवारीने पुढची पाच वर्षं चालवली तर बरं उत्तर येतं. २० वर्षं चालवली तर उत्तर येतं, पण त्यावर पैज लावू नका.

खडी_डांबर:

उपायांचे नियम. मुख्य अटी लिहितो, कारण बहुतेक अपयश अटी मोडल्याने येतं, उपाय वाईट असल्याने नाही.

भेगा भरणं: साधारण ६ ते २५ मिलिमीटर रुंदीच्या सुट्या भेगा. राउटरने १२ × १२ ते २० × २० मिलिमीटरची खाच, मग दाबाच्या हवेने साफ, ओल असेल तर गरम हवा. रबरमिश्रित गरम सीलंट उत्पादकाने दिलेल्या तापमानात, बहुतेकांचं १८० ते १९५ अंशांच्या आसपास असतं. भट्टीत दिवसभर जास्त तापवला तर रबर तुटतं आणि सीलंट पहिल्या थंडीत काठापासून सुटतो. भेगेत धूळ असेल तर तो धुळीला चिकटतो, रस्त्याला नाही. आणि जाळीदार भेगांवर काळे पट्टे ओढणं ही निव्वळ रंगरंगोटी.

स्लरी सील (तसाच दिसणारा साधा लेप) आणि मायक्रोसरफेसिंग एकच समजू नका. स्लरी पाणी उडून वाळते, तिला ऊन आणि काही तास लागतात. मायक्रोसरफेसिंगमध्ये पॉलिमर असतं आणि ते रासायनिक क्रियेने बसतं, त्यामुळे ते रात्री करता येतं आणि साधारण तासाभरात वाहतूक सोडता येते. १० अंशांखाली दोन्ही नको. चाकोरी साधारण १२ मिलिमीटरपेक्षा खोल असेल तर आधी वेगळ्या पेटीने चाकोरी भरून घ्यायची, आणि तीही थांबलेली असेल तरच. डांबर अजून सरकतच असेल तर भरलेलं परत बसेल. भेगा काही आठवडे आधी भरून ठेवा. ताज्या, जाड ओढलेल्या सीलंटवर टाकलं तर तो वरून फुटून दिसतो.

चिप सील (डांबर फवारून त्यावर खडी दाबणं) गल्लीबोळांत शक्यतो टाळा. उभ्या गाडीचं स्टिअरिंग फिरवलं की खडी उपटते, आणि सुटलेली खडी पहिल्या पावसात गटारात जाते.

छेदरेषा:

खरवडून नवा थर टाकण्यात खोली ठरवताना होणारी चूक सगळ्यात महाग पडते. ५० मिलिमीटर लिहिलंय म्हणून ५० खरवडतात. खाली जुन्या थराचा १०-१५ मिलिमीटरचा पापुद्रा शिल्लक राहतो, खालच्या थराशी त्याची पकड आधीच सुटलेली. नवा थर त्याच्यावर बसतो आणि सगळं मिळून ताटाएवढे तुकडे निघतात. आधी कोअर काढा, दोन थरांचा सांधा किती खोल आहे ते बघा आणि त्याच्या ५ ते १० मिलिमीटर खाली जा.

टॅक कोट (दोन थर चिकटवणारा डांबराचा फवारा): खरवडलेल्या पृष्ठभागावर उरलेलं डांबर साधारण ०.२५ किलो प्रति चौरस मीटर तरी हवं. इमल्शनमध्ये (पाण्यात मिसळलेल्या डांबरात) ६० टक्के डांबर असेल तर फवारणी ०.४२ किलो झाली पाहिजे. त्यात कोणी तेवढंच पाणी मिसळलं तर ०.८४. टँकरच्या मीटरवर ०.२५ दिसलं म्हणून सही करणारे खूप आहेत. रंग तपकिरीचा काळा झाल्याशिवाय पेव्हर (डांबर पसरणारं यंत्र) पुढे नको. आणि टायरला चिकटून टॅक निघून गेला की नेमका चाकांच्या पट्ट्यात तो राहत नाही, जिथे तो सगळ्यात जास्त लागतो.

जाडी: थराची जाडी सगळ्यात मोठ्या खडीच्या किमान तिप्पट, जाड मिश्रणात चौपट. १९ मिलिमीटरच्या खडीचा ४० मिलिमीटर थर नीट दबत नाही, खडी फुटते. दाबल्यावर हवेच्या पोकळ्या ७-८ टक्क्यांच्या आत हव्यात. त्यावर गेलं की पोकळ्या एकमेकींना जोडल्या जातात आणि पाणी आरपार जातं. ढोबळ अंदाज असा की पोकळ्यांचा एक टक्का वाढला की आयुष्य दहा टक्के कमी. थर ८० अंशांच्या खाली गेला की रोलर फक्त फिरतो, दाबत नाही. ४० मिलिमीटरचा थर थंडीत, वाऱ्यात दहा मिनिटांतही तिथे पोचतो. म्हणून पातळ थरांची कामं थंड रात्री लावणं हा वेळापत्रकाचा दोष आहे, कंत्राटदाराचा नव्हे.

पाणीवाट:

कर्बकडे कोणी बघतच नाही. नव्या रस्त्याला कर्ब साधारण १५० मिलिमीटर उघडा असतो. न खरवडता ५० मिलिमीटरचे दोन थर चढवले की ५० उरतो आणि जोराच्या पावसात पाणी पदपथावर. त्यात प्रत्येक थराने मध्य उंचावतो आणि काठाला जाडी कमी ठेवायला कोणीतरी थर निमुळता करतं. २ ते २.५ टक्क्यांचा कॅम्बर (मध्यापासून काठाकडचा उतार) बघता बघता ४-५ टक्क्यांवर जातो, मग सायकल, चाकाची खुर्ची, पार्क केलेली गाडी, सगळं गटाराकडे झुकतं. म्हणून तक्त्यातला कर्बच्या उघड्या उंचीचा रकाना नियमात घ्या: १०० च्या खाली असेल तर नुसता थर चढवायला मनाई, खरवडणं सक्तीचं. फक्त काठाचा दीड-दोन मीटर पट्टा तिरका खरवडणं स्वस्त दिसतं, पण जिथे खोली शून्यावर येते तिथे नवा थर नखाएवढा पातळ राहतो आणि खडी सोडतो. जमेल तिथे पूर्ण रुंदी.

आणि भेगांतून आत गेलेलं पाणी बाहेर कुठून जातं, याचं उत्तर नसलेल्या रस्त्यावर कुठलाही थर टाकू नये. आधी जाळ्या साफ, बसलेली गटारं वर, मग डांबर.

गिट्टी२०:

जुन्या भेगांबद्दल कोणी लिहिलं नाही. भेगाळलेल्या थरावर किंवा काँक्रीटच्या सांध्यावर नवा थर टाकला की भेग वर येतेच. ठोकताळा वर्षाला २५ मिलिमीटर. ५० मिलिमीटर टाकलेत? दोन वर्षांनी भेटू. मधे जाळी किंवा पडदा टाकून वेळ वाढतो, भेग टळत नाही. काँक्रीटवर डांबर टाकलंच तर सांध्याच्या बरोबर वर डांबरात करवतीने खाच पाडून ती सील करा, म्हणजे भेग निदान सरळ येते आणि भरता येते.

नकाशेवाला:

धन्यवाद, भरपूर मिळालं. चरखोदाई राहिली. थर टाकून तीन महिने झाले की जलवाहिनीवाले येतात, हे अटळ धरायचं का?

चर_नियोजन:

अटळ नाही, पण कडक नियमाने ते थांबत नाही. नव्या रस्त्यावर ३ ते ५ वर्षं खोदबंदी बऱ्याच शहरांत असते. तातडीच्या कामाला सूट द्यावीच लागते, मग सगळंच तातडीचं होतं. खरा उपाय वेळापत्रकात. पुढच्या पाच वर्षांच्या कामांची यादी सगळ्या वाहिनीवाल्यांकडे द्या, आणि काम सुरू होण्याच्या दीडेक वर्ष आधी त्या तुकड्यातल्या मलवाहिनीत कॅमेरा घालून बघा, जलवाहिनीच्या गळतीच्या नोंदी बघा. वाहिनीचं आयुष्य रस्त्याच्या नव्या थरापेक्षा कमी उरलं असेल तर रस्ता पुढे ढकला. तोवर भेगा भरा, खड्डे बुजवा, एवढंच.

चर बुजवताना: भरणा १५० ते २०० मिलिमीटरच्या थरांत, प्रत्येक थर यंत्राने दाबून, सुधारित प्रॉक्टर घनतेच्या (प्रयोगशाळेतल्या चाचणीत मिळणाऱ्या कमाल घनतेच्या) ९५ टक्के. एक मीटर भरणा एकदम ओतून वरून रोलर फिरवला तर वरचे २० सेंटिमीटर दबतात, बाकीचा नंतर वाहतूक दाबते. शिवाय खोदताना चराच्या भिंती आत सरकतात, त्यामुळे दोन्ही बाजूंचा अर्धा ते एक मीटर रस्ताही सैल होतो. म्हणून भरणा झाल्यावर डांबर दोन्ही बाजूंना आणखी १५० ते ३०० मिलिमीटर सरळ कापून काढायचं आणि मग रुंद ठिगळ बसवायचं, म्हणजे डांबराचा सांधा भरण्याच्या सांध्यावर येत नाही. कर्बपर्यंत ६०० मिलिमीटरपेक्षा कमी पट्टा उरत असेल तर तोही काढा, तो एकटा टिकत नाही. ठिगळाचा काठ चाकाच्या पट्ट्यात येणार असेल तर ठिगळ लेनच्या मध्यापर्यंत किंवा रेषेपर्यंत वाढवा. काठ सील करा.

अरुंद चरात रॅमर जात नसेल तर आपोआप पसरणारा सिमेंटचा पातळ भरणा ओता. पण ताकद २ मेगापास्कलच्या खाली ठेवा. जास्त मजबूत केला तर पुढच्या वेळी वाहिनी दुरुस्त करायला ब्रेकर लागेल.

हिशेबनीस:

यात भर: खोदणाऱ्याकडून फक्त ठिगळाचा खर्च घेऊ नका. ठिगळामुळे त्या तुकड्याचं आयुष्य घटतं, तेही वसूल करा. रस्ता जितका नवा तितका दर जास्त. असा उतरता दर ठेवला की वाहिनीवाले आपोआप तुमच्या वेळापत्रकाची चौकशी करायला लागतात.

रस्ता_मोजणी:

सॉफ्टवेअर विचारणार असालच. पेव्हर (PAVER) नावाचं आहे, डांबराच्या यंत्राशी त्याचा संबंध नाही, पीसीआयच्या पद्धतीसारखंच तेही अमेरिकी लष्कराच्या अभियंता विभागाचं. एचडीएम-४ हे दुसरं सॉफ्टवेअर मोठ्या जाळ्यांच्या धोरणासाठी ठीक, गल्लीबोळांच्या निवडीसाठी नाही. सुरुवातीला साधा तक्ता आणि क्यूजीआयएस (नकाशांचं मोफत सॉफ्टवेअर) पुरतं. सॉफ्टवेअरने काढलेली सर्वोत्तम यादी शहरभर विखुरलेली येते, एक तुकडा इथे, एक तिथे, आणि यंत्रसामग्री हलवण्यातच निधी जातो.

खडी_डांबर:

म्हणून गल्ल्यांसाठी फेरा ठेवा. शहराचे सात भाग, दर वर्षी एक. भागाची पाळी येण्याच्या आदल्या वर्षी वाहिन्यांची कामं आणि भेगा भरणं, पाळीच्या वर्षी मायक्रोसरफेसिंग किंवा नवा थर, जो तुकडा ज्या उपायाला पात्र तो उपाय. जे पात्रच नाहीत, म्हणजे पुनर्बांधणीचे, ते फेऱ्यातून बाहेर काढून वेगळ्या यादीत. मुख्य रस्ते आणि बसमार्ग फेऱ्यात घालू नका, त्यांची पाहणी दर एकदोन वर्षांनी आणि काम अवस्थेनुसार. गल्ल्यांची पाहणी तीन-चार वर्षांनी चालेल.

नकाशेवाला:

पुनर्बांधणीच्या यादीतल्या रस्त्यांवर लोक राहतात. त्यांना दहा वर्षं थांबा म्हणायचं?

पाणीवाट:

थांबा म्हणून चालत नाही, आणि तिथे फक्त खड्डे बुजवत बसणंही महागात पडतं. निधीतला ठरावीक वाटा या यादीसाठी राखून ठेवा. वर हिशेबनीसांनी ३२ एकक, म्हणजे पाचवा हिस्सा धरलाय. कमी रहदारीच्या गल्लीत पूर्ण पुनर्बांधणीऐवजी जुनं डांबर आणि वरचा पाया जागेवरच दळून, त्यात सिमेंट किंवा फोम केलेलं डांबर मिसळून नवा पाया करता येतो. माल बाहेर न्यावा लागत नाही. मात्र खालच्या उथळ वाहिन्यांची खोली आधी तपासा. दळणारं यंत्र ३०० मिलिमीटरपर्यंत सहज जातं आणि घरजोडण्या कधीकधी त्याहूनही वर असतात.

छेदरेषा:

आणि अहवालात सरासरी पीसीआय एकटा देऊ नका. अर्धं शहर ९५ वर आणि अर्धं ३५ वर असलं तरी सरासरी ६५ येते, आणि सगळं शहर ६५ वर असलं तरी ६५. क्षेत्रफळाने भारित वाटणी द्या: ८५ च्या वर किती टक्के, ७० ते ८५, ५५ ते ७०, त्याखाली किती. ५५ ते ७० या पट्ट्यातलं क्षेत्रफळ दर वर्षी वाढतंय का, ते आधी बघा. पुढच्या काही वर्षांतली पुनर्बांधणीची यादी तिथूनच भरते.

नकाशेवाला:

तुकडे पाडायला घेतो. कर्बची उंची आणि चेंबर गिट्टी२० यांनी सांगितल्यासारखं पावसानंतरच्या पाहणीत एकाच फेरीत मोजता येतील ना?

गिट्टी२०:

येतील. चेंबर मोजताना झाकण रस्त्याच्या किती वर-खाली आहे तेही मिलिमीटरमध्ये लिहा. २० च्या वर फरक असलेली झाकणं वेगळी काढा. थर टाकताना ती उचलण्याची नोंद त्याच कामाच्या मोजमापात असली पाहिजे. नाहीतर नवा थर झाकणावरून जातो आणि आठवड्याने कोणीतरी ते शोधत रस्ता फोडतं.